घोडबंदर रोडच्या टॉवरमधले ‘स्मार्ट’ दिवे सारखे ऑफलाइन का जातात?

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीचा दिवस. पहाटेची आंघोळ आणि फराळ उरकून लोक जरा टेकले होते. भारतात दुपारचे बारा वाजून गेले होते आणि तिकडे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड सुरू झाला. पुढचे अनेक तास जगभरातली असंख्य ॲप्स अडखळत राहिली. स्नॅपचॅट उघडेना, रिंग कंपनीचे दारावरचे कॅमेरे चालेनात, अलेक्सा उत्तर देईना. ठरवून ठेवलेले गजर वाजले नाहीत, अशा तक्रारीही आल्या. ‘एट स्लीप’ नावाच्या कंपनीच्या महागड्या स्मार्ट गाद्या तर काही जणांकडे गरम होऊन तशाच अडकल्या.

आता तुम्ही म्हणाल, व्हर्जिनियाचा आणि आपल्या घोडबंदर रोडचा काय संबंध?

संबंध आहे. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंत टॉवरची रांग उभी राहिली आहे. नव्या घरांच्या जाहिरातीत ‘स्मार्ट होम’ हे शब्द आता सर्रास दिसतात. ज्यांना बिल्डरकडून असं काही मिळालं नाही, ते ऑनलाइन स्मार्ट बल्ब नाहीतर स्विच मागवतात. मग थोड्याच दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, ‘कुणाचा स्मार्ट स्विच ऑफलाइन दाखवतोय का?’

बहुतेक जण या वेळी वस्तूला दोष देतात आणि दुसऱ्या कंपनीची वस्तू घेतात. ती पण महिन्याभरात तशीच वागते. कारण बिघाड बऱ्याचदा वस्तूत नसतोच. तो असतो भिंतीतल्या वायरीत, घरातल्या वायफायमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर. हे तिन्ही ओळखायचे कसे आणि दुरुस्त कसे करायचे, ते पाहू.

आधी समजून घ्या, आदेश जातो कुठून कुठे?

समजा, तुम्ही गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये अडकला आहात. घरी आई एकटी आहे, अंधार पडलाय, म्हणून तुम्ही मोबाइलवरून हॉलचा लाइट लावता. हा आदेश मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर भारतात असेल किंवा परदेशात. तिथून तो तुमच्या घरच्या इंटरनेट कनेक्शनवर येतो, मग राउटरवर, मग वायफायने स्विचपर्यंत. शेवटी स्विचमधला छोटा रिले ‘टिक’ करतो आणि दिवा लागतो.

बाहेर असताना हा वळसा समजण्यासारखा आहे. पण अनेक स्वस्त उपकरणांमध्ये तुम्ही सोफ्यावर बसून बोललात तरी आदेश याच वाटेने फिरून येतो. दिवा दहा फुटांवर असतो आणि त्याला परवानगी मात्र दूरच्या सर्व्हरची लागते. या वाटेवर एक जरी कडी तुटली तरी ॲपमध्ये एकच शब्द दिसतो, ‘ऑफलाइन’. म्हणून नेमकी कुठली कडी तुटली, हे शोधणं हेच खरं काम.

पहिला संशयित : भिंतीतली वायर

साध्या बटणाचं काम सोपं असतं. फेजची वायर आत येते, बटण दाबलं की पुढे दिव्याकडे जाते. बटणाला स्वतःला वीज लागत नाही. स्मार्ट स्विचचं तसं नाही. त्याच्या आत वायफायची चिप असते आणि दिवा बंद असतानाही ती जागी राहायला हवी. त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही लागतो.

आपल्याकडच्या घरांत हॉल-बेडरूमच्या मोठ्या बोर्डवर सहसा एखादा सॉकेट असतो, त्यामुळे तिथे न्यूट्रल सापडतो. अडचण येते ती फक्त बटणं असलेल्या छोट्या बोर्डवर. बाथरूमबाहेरचा बोर्ड, पॅसेजमधलं बटण, पलंगाच्या उशाशी असलेलं टू-वे बटण. तिथे अनेकदा फेजच्याच वायरी असतात.

यावर बाजारात ‘नो न्यूट्रल’ स्विच मिळतात. ते दिव्यातूनच अगदी थोडा करंट सोडून स्वतःला जागं ठेवतात. जुन्या ६० वॅटच्या बल्बला याचा काही फरक पडला नसता. पण आताचे ५-७ वॅटचे एलईडी एवढ्याशा करंटवरही मंद पेटलेले राहतात किंवा लुकलुकतात. ‘बंद केला तरी दिवा मिणमिणतो’ ही तक्रार इथूनच येते. उपाय म्हणजे दिव्याच्या जोडणीपाशी बायपास कपॅसिटर बसवणं. असे स्विच घेताना हा छोटा भाग सोबत मिळतो का, ते विचारून घ्या.

आता घोडबंदर पट्ट्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. अलीकडच्या अनेक उंच टॉवरमध्ये विटांच्या भिंती नसतात. ‘मिवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्ये ओततात. वायरींचे पाइप आधीच त्या काँक्रीटमध्ये गाडलेले असतात. जुन्या घरात वायरमन भिंतीला झिरी पाडून नवी वायर टाकून द्यायचा. इथे ती भिंत इमारतीचा भार पेलत असते, ती फोडायची नसते. म्हणून जादा न्यूट्रल हवा असेल तर तो आहे त्याच पाइपातून ओढता येतो का, हे आधी तपासावं लागतं. घराचा ताबा घेण्याआधी किंवा फॉल्स सीलिंगचं काम सुरू असतानाच हे करून घेतलेलं बरं.

इथे दोन धोके लक्षात ठेवा. न्यूट्रल मिळत नाही म्हणून काही जण अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून जोडून देतात. दिवा लागतो, स्विच चालतो, पण हे धोकादायक आहे, असं करू देऊ नका. दुसरं म्हणजे शेजारच्या वेगळ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणं. असं केलं की आरसीसीबी वारंवार ट्रिप होऊ शकतो. स्मार्ट स्विच बसवल्यापासून घरातली वीज अचानक जायला लागली असेल तर आधी हेच तपासायला सांगा. आणि स्विचबोर्ड उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून.

दिवा मंद करताना थरथरत असेल तर बल्बच्या खोक्यावर पाहा. ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो एलईडी डिमरसाठी बनवलेलाच नाही. तिथे स्विच बदलून काही होणार नाही, बल्ब बदला.

दुसरा संशयित : वायफाय

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. नवा स्विच ॲपला जोडताना चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘जोडता आलं नाही’ असा संदेश येतो.

याचं नेहमीचं कारण साधं आहे. बहुतेक स्मार्ट बल्ब आणि स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. तुमचा मोबाइल मात्र वेगासाठी ५ गिगाहर्ट्झवर गेलेला असतो. हल्लीचे राउटर दोन्हींना एकच नाव देतात, त्यामुळे आपण कुठल्या बँडवर आहोत हे कळतही नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा किंवा दोन्हींना वेगळी नावं द्या. जोडणी झाली की पुन्हा पूर्ववत करता येतं. राउटरची सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए-३ वर ठेवली असेल तरी काही उपकरणं जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए-२ आणि ३ चा एकत्र पर्याय निवडून पाहा.

जोडणी झाली, पण दिवसातून चार वेळा तुटते? मग गर्दी हे कारण असू शकतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. टॉवरमध्ये एका मजल्यावर सहा-आठ फ्लॅट, त्यात वर-खालचे मजले. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस राउटर याच तीन चॅनेलवर एकाच वेळी बोलत असतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंगाट करतात. मोबाइलवर वायफाय तपासणारं मोफत ॲप घ्या, तिन्हींपैकी कुठला चॅनेल रिकामा आहे ते पाहा आणि राउटर त्यावर लावा. चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वेग किंचित कमी होईल, जोडणी टिकेल. दिव्याला वेगाची गरज नसतेच.

भिंती काँक्रीटच्या असतील तर सिग्नलही विटांच्या भिंतीपेक्षा जास्त अडतो. राउटर दारामागच्या शू-रॅकवर किंवा टीव्ही युनिटच्या बंद कपाटात असेल, तर शेवटच्या बेडरूमचा स्विच ऑफलाइन जाणारच. राउटर घराच्या मध्यात आणि उंचावर आणा. थ्री-बीएचके असेल तर मेश राउटरचा दुसरा नग लावणं हे नवे स्विच घेण्यापेक्षा शहाणपणाचं.

आणखी एक युक्ती. इंटरनेट कंपनी बदलली किंवा नवा राउटर आला की लोक पंधरा-वीस स्विच एकेक करून पुन्हा जोडत बसतात. त्याची गरज नाही. नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरांसकट. सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात.

वीज गेली आणि आली, की सगळे दिवे का पेटतात?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांचा बिघाड त्यामागे होता. तेवढा मोठा प्रकार क्वचित होतो, पण पावसाळ्यात थोड्या वेळासाठी वीज जाणं आपल्याला नवीन नाही.

रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली की अनेक घरांत स्मार्ट बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतात. बाळ झोपलेलं असतं, म्हातारी माणसं दचकून उठतात. हा बिघाड नाही. बल्बला वीज मिळाली म्हणजे ‘कुणीतरी बटण दाबलं’ असं तो समजतो. ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर-ऑन’ किंवा ‘रिले स्टेटस’ असा पर्याय शोधा. तिथे ‘बंद राहील’ किंवा ‘आधी होतं तसं’ हे निवडा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर वीज आल्यावर स्विचना त्याची वाट पाहावी लागत नाही.

उलट तक्रारही असते. घरातल्या कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्बची वीजच तुटते आणि ॲप ‘ऑफलाइन’ म्हणतं. घरात लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी, कामाला येणाऱ्या मावशी आहेत, तिथे स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट स्विच बरा. भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चालतं, कुणाला काही शिकवावं लागत नाही.

आणि दिवा रोज सातला लागावा असं ठरवलं असेल तर ऋतू बदलले की ते चुकणार. ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. घड्याळाऐवजी ‘सूर्यास्त’ हा पर्याय निवडा आणि ॲपमध्ये शहर ठाणे किंवा मुंबई आहे ना, ते बघा.

तिसरा संशयित : कंपनीचा सर्व्हर

वायर नीट, वायफाय नीट, तरी दिवा लागत नाही? मग प्रश्न तुमच्या घराबाहेर आहे.

‘रिव्हॉल्व’ नावाचा ३०० डॉलरचा हब लोकांनी घेतला होता. गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. हब सुस्थितीत होता, पण निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले, ॲप चालेना. पुढे वापरकर्त्यांच्याच एका गटाने ती विकत घेऊन सेवा सुरू केली. याउलट फिलिप्स ह्यूने आपल्या पहिल्या पिढीच्या ब्रिजची इंटरनेट सेवा एप्रिल २०२० मध्ये थांबवली, तरी घरातल्या घरात दिवे चालत राहिले. कारण त्यांचा आदेश घराबाहेर जाण्याची सक्तीच नव्हती.

फरक लक्षात आला? पहिल्या दोन ठिकाणी कंपनी थांबली आणि लोकांच्या हातात प्लास्टिकचा डबा किंवा न चालणारं ॲप उरलं. तिसऱ्या ठिकाणी फक्त बाहेरून दिवा लावायची सोय गेली.

यावर उपाय म्हणून ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग अशा कंपन्या सदस्य असलेल्या संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचं समान मानक आणलं. मॅटरची उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलू शकतात आणि एकाच कंपनीच्या ॲपला बांधलेली नसतात. झिगबीवर चालणारे स्विच आणि हबही चालतात, मात्र हब राउटरला चिकटवून ठेवू नका, दोन्ही एकाच पट्ट्यात बोलतात. बोलून दिलेल्या आदेशाला बहुतेक वेळा इंटरनेट लागतंच, ते अजून सुटलेलं नाही.

अकाउंट कुणाच्या नावावर आहे?

घोडबंदर पट्ट्यात भाड्याने दिलेले फ्लॅट भरपूर. म्हणून हा प्रश्न इथे महत्त्वाचा. अनेकदा स्विच बसवणारा टेक्निशियन घाईत स्वतःच्याच मोबाइलवर, स्वतःच्याच अकाउंटने सगळं जोडून देतो आणि घरमालकाला फक्त ‘शेअर’ करतो. म्हणजे घराच्या दिव्यांचा खरा ताबा त्याच्याकडे. जुना भाडेकरू घर सोडून गेला तरी त्याच्या ॲपमध्ये तुमचा हॉल दिसत राहू शकतो. तुम्ही रात्री किती वाजता झोपता, घर किती दिवस बंद आहे, हे दिव्यांच्या नोंदीवरून सहज कळतं.

म्हणून घर ताब्यात घेताना किल्ल्यांबरोबर हेही करा : प्रत्येक उपकरण फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या ईमेलवर जोडा, पासवर्ड बदला, ‘शेअर’ केलेल्यांची यादी तपासा.

वीजबिल कमी होतं का?

साधा हिशोब करू. जागं राहण्यासाठी एका स्मार्ट स्विचला अर्धा वॅट लागतो असं धरा. घरात असे २० असतील तर १० वॅट, चोवीस तास. महिन्याला झाले ७.२ युनिट. आता ९ वॅटचा एक एलईडी तुम्ही रोज तीन तास विसरून चालू ठेवत होता आणि ऑटोमेशनने ते थांबलं, तर महिन्याला वाचतात जेमतेम ०.८ युनिट. म्हणजे असे ९ दिवे रोज वाचले तर कुठे हिशोब बरोबरीत येईल. एसी आणि गीझरची गोष्ट वेगळी, तिथे एकदा बंद करायचं लक्षात आलं तरी फरक पडतो. दिव्यांचं ऑटोमेशन मात्र सोय म्हणून घ्या, बचतीचा आकडा दाखवून कुणी विकत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

बिल्डरने दिलेली यंत्रणा बिघडली तर?

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण कागद हवा. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जात किंवा करारानुसार द्यायच्या सेवांमध्ये दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. कलम १२ खोट्या जाहिराती आणि सॅम्पल फ्लॅटबद्दल आहे. मात्र ‘स्मार्ट होम’ एवढाच मोघम शब्द असेल तर वाद घालणं अवघड जातं. करारात किती स्विच, कुठल्या खोल्यांत, कोणत्या कंपनीचे, सर्व्हरची सेवा किती वर्षं आणि त्यानंतर वार्षिक शुल्क लागणार का, हे लिहून घ्या. बिल्डर ऐकत नसेल तर महारेराकडे तक्रार करता येते. स्विच स्वतः विकत घेतले असतील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

मग करायचं काय?

घर घेताना, भाड्याने घेताना किंवा नवा स्विच बसवल्यावर दहा मिनिटांची एक परीक्षा घ्या. आधी राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढा. वायफाय चालू आहे पण इंटरनेट नाही, अशा वेळी ॲपमधून दिवा लागतो का? लागला तर यंत्रणा घरातल्या घरात चालते. मग राउटरच बंद करा आणि भिंतीवरची सगळी बटणं दाबून बघा. शेवटी मेन बंद करून पुन्हा चालू करा आणि कुठले दिवे आपोआप पेटतात ते पाहा.

दुसऱ्या पायरीला भिंतीवरच्या बटणाने दिवा लागलाच नाही, तर ती यंत्रणा घेऊ नका, बसवलेली असेल तर बदलून मागा. बाकी दोन पायऱ्यांत निघालेल्या त्रुटी सेटिंगने किंवा पुढच्या खरेदीत सुधारता येतात. सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात तर ही परीक्षा तिथेच घ्या. सेल्सवाल्याला सांगा, ‘जरा इंटरनेट बंद करून दाखवता का?’